टायटल्समधून सिनेमाचा बाज: ओळखावा कसा, दाखवावा कसा

सिनेमाला वेळेवर पोहोचलेला प्रेक्षकसुद्धा पहिली दोन-तीन मिनिटं पडद्याकडे धड बघत नाही. सेन्सॉरचं प्रमाणपत्र, तंबाखूविरोधी जाहिरात, निर्मात्यांच्या आणि सहनिर्मात्यांच्या पाट्या, 'विशेष आभार'ची न संपणारी यादी. तोवर मोबाइल सायलेंटवर टाकणं, खुर्चीचा नंबर शोधणं, पॉपकॉर्न पुढे सरकवणं चालू असतं. शॉर्टफिल्म करणारी बरीच मुलंही याच सवयीतून टायटल्सचा विचार सगळ्यात शेवटी करतात. एडिट झालं, साउंड झाला, आता काळ्यावर पांढरी नावं टाका आणि एक्स्पोर्ट मारा.

यात मोठा तोटा आहे. प्रेक्षक याच मिनिटा-दीड मिनिटात नकळत एक गोष्ट ठरवून टाकतो: हा सिनेमा कुठल्या बाजाचा आहे आणि आपण त्याच्याकडे कसं बघायचं. हसायला सैलावून बसायचं, दचकायची तयारी ठेवायची, की बारीकसारीक गोष्टी लक्षात ठेवत जायचं? आपल्या संगीत नाटकात नांदी हेच काम करायची. गोष्ट सुरू होण्याआधीच कान आणि मन नाटकाच्या सुरात लागायचं.

हा लेख दोघांसाठी आहे: सिनेमा नीट बघू इच्छिणाऱ्यांसाठी आणि पहिलीवहिली शॉर्टफिल्म करणाऱ्यांसाठी. दोघांनीही एक सूत्र लक्षात ठेवावं. चांगली टायटल्स गोष्ट सांगत बसत नाहीत, गोष्ट कशी बघायची ते सांगतात. त्यासाठी त्यांच्याकडे साधनं मोजकीच असतात: अक्षर, रेषा, रंग, वेग, आवाज आणि एखादी वस्तू.

एकच चमू, तीन बाज

बाज नेमका कशाने ठरतो हे कळायला आल्फ्रेड हिचकॉकचे लागोपाठचे तीन सिनेमे बघा: 'व्हर्टिगो' (१९५८), 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) आणि 'सायको' (१९६०). तिन्हींचा दिग्दर्शक एक, तिन्हींची टायटल्स सॉल बासची, तिन्हींचं संगीत बर्नार्ड हरमनचं. माणसं तीच असल्यामुळे फरक कुठे पडला ते स्वच्छ दिसतं.

'व्हर्टिगो' एका बाईच्या चेहऱ्यावर सुरू होतो. आधी ओठ, मग डोळे, मग एकच डोळा. पडदा लाल होतो, डोळ्याच्या आतून सिनेमाचं नाव बाहेर येतं आणि काळोखात रंगीत भोवरे गरगरायला लागतात. हरमनचे सूर चढतात, उतरतात, पण कुठे टेकत नाहीत. गोष्ट अजून सुरू झालेली नसते, तरी बसल्या जागी तोल गेल्यासारखं वाटतं. पुढचे दोन तास एका माणसाच्या डोक्यातल्या भोवऱ्यातच काढायचे आहेत, याची ही तयारी.

'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये हिरव्या पडद्यावर सरळसोट रेषा धावत येतात आणि त्यांची तिरकी जाळी तयार होते. नावं त्या रेषांवरून लिफ्टसारखी वर-खाली सरकतात. बघता बघता त्या जाळीची न्यूयॉर्कमधली काचेची इमारत होते, काचांत रस्त्यावरच्या गाड्या दिसतात. मग ऑफिस सुटल्यावरची गर्दी, धक्काबुक्की, आणि शेवटी खुद्द हिचकॉक बस पकडायला धावतो तर दार त्याच्या तोंडावर बंद होतं. संगीत नाचरं आणि घाईचं आहे. कळायचं ते कळतं: पळापळ होणार, जिवावर बेतणार, पण मजा येणार.

'सायको' कृष्णधवल. राखाडी पट्ट्या आधी आडव्या आणि मग उभ्या पडदा कापत जातात. नावं तुकड्यातुकड्यांनी येतात, क्षणभर जुळतात, पुन्हा फाटतात. हरमनने इथे फक्त तंतुवाद्यं वापरली आहेत आणि ती करवतीसारखी चालतात. रक्त नाही, सुरी नाही, ते टेकडीवरचं घरही नाही. तरी प्रेक्षक खुर्चीत आखडून बसतो.

तिन्ही ठिकाणी मुख्य ऐवज रेषांचाच आहे. फरक आहे तो रेषेच्या चालीत. गोल फिरणारी रेषा गरगरवते, तिरकी रेषा धावायला लावते, कापत जाणारी रेषा धास्ती घालते. भयपट म्हटला की लाल रंग आणि ओघळणारी अक्षरं घेऊन बसणाऱ्यांनी 'सायको'ची टायटल्स आवर्जून बघावीत.

बासची ही वाट त्याआधीच सुरू झाली होती. ऑटो प्रेमिंजरच्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' (१९५५) साठी त्याने कापलेल्या कागदाचा वेडावाकडा हात केला. विषय होता व्यसनाधीनता. त्या काळी अमेरिकेत टायटल्स चालू असताना थिएटरचा पडदा अनेकदा मिटलेलाच असे. म्हणून या सिनेमाच्या रिळांसोबत प्रोजेक्शनिस्टला सूचना गेली की पडदा टायटल्सच्या आधी उघडा. टायटल्स हा सिनेमाचा भाग आहे, हे असं सांगावं लागलं होतं.

हात तेच, माणूस वेगळा

वस्तू जवळून दाखवून बाज सांगणं ही दुसरी रीत. खर्च कमी आणि परिणाम मोठा असल्यामुळे शॉर्टफिल्मवाल्यांनी तिचा बारकाईने अभ्यास करावा. त्यासाठी तीन सिनेमे शेजारी शेजारी ठेवा.

'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६२). स्टीफन फ्रँकफर्टच्या या टायटल्समध्ये एक जुना सिगारचा डबा उघडतो. आत खडू, गोट्या, घड्याळ, लहानसहान बाहुल्या. एक मूल स्वतःशीच गुणगुणतंय. त्याचा हात कागदावर खडू घासतो आणि सिनेमाचं नाव उमटतं. एल्मर बर्नस्टीनचा पियानो एकेका सुराने पुढे सरकतो. सिनेमात वर्णद्वेष आहे, खटला आहे, मृत्यू आहे. टायटल्समध्ये यातलं काहीच नाही. तिथे एवढंच ठरतं की हे सगळं आपण मुलाच्या नजरेने बघणार आहोत.

'चारुलता' (१९६४). सत्यजित राय यांच्या या सिनेमात नावं येत असताना माधबी मुखर्जींचे हात रुमालावर नवऱ्याच्या नावाचं आद्याक्षर भरतात. सुई वर येते, खाली जाते. कुठलीच घाई नाही. मोठं घर, रिकामी दुपार आणि मन रमवायला शोधलेलं काम हे सगळं त्या टाक्यांत आहे. राय सिनेमात येण्याआधी जाहिरात कंपनीत चित्रकार होते, पुस्तकांची मुखपृष्ठं करत होते. एका वस्तूवर किती भार टाकता येतो, याचा अंदाज त्यांना तिथे आला असणार.

'सेव्हन' (१९९५). डेव्हिड फिंचरच्या या सिनेमाची टायटल्स काइल कूपरने केली. इथेही हात आहेत, इथेही सुईदोरा आहे. पण हा हात ब्लेडने स्वतःच्या बोटांची कातडी खरवडतो, वह्या शिवतो, छायाचित्रांतले चेहरे खोडतो. फिल्मवर ओरखडे काढून लिहिलेली अक्षरं जागच्या जागी थरथरतात. खुनी माणूस सिनेमात फार उशिरा समोर येतो, पण त्याची आपली ओळख इथेच झालेली असते.

मुलाचा डबा, बाईचं भरतकाम, खुन्याची वही. तिन्हींत कॅमेरा जवळ आहे, चेहरा जवळजवळ नाहीच, हात कामात आहेत. बाज बदलतो तो प्रकाश, कापाकापीचा वेग आणि आवाज यांमुळे. तुमच्या सिनेमातलं मुख्य पात्र हाताने काय करतं, एवढा एक प्रश्न विचारलात तरी टायटल्सची अर्धी कल्पना सापडते.

'शोले'ने काय ठरवून टाकलं

टायटल्समधून सिनेमाचं अख्खं जग उभं करण्याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण 'शोले' (१९७५). आगगाडी येते, जेलर उतरतो, रामलाल घोडे घेऊन उभा आहे. दोघं निघतात आणि नावं सुरू होतात. गिटार वाजते, मागून हॉर्नची धून येते. दोन घोडेस्वार मोठमोठ्या खडकांमधून, उघड्या माळावरून ठाकूरच्या घरापर्यंत जातात. चित्रण बंगळूरजवळच्या रामनगरचं, पण पडद्यावरची मांडणी वेस्टर्नपटाची.

गोष्टीच्या दृष्टीने या प्रवासात काहीच घडत नाही. दोन वाक्यांत उरकता आला असता. पण रमेश सिप्पींनी तो सविस्तर दाखवला आणि राहुलदेव बर्मन यांच्या संगीताला मोकळं रान दिलं. त्यामुळे पुढे कर्जतकडच्या असो वा चंबळच्या, कुठल्याच खऱ्याखुऱ्या गावाशी सिनेमातल्या रामगढची तुलना कुणी केली नाही. घोड्यावरचे डाकू, भाड्याचे दोन लढवय्ये, एकाकी ठाकूर हे सगळं प्रेक्षकाने विनातक्रार मानलं, कारण हा कुठला प्रदेश आहे आणि इथे कुठले नियम चालतात ते टायटल्समध्येच ठरलं होतं. तुमच्या सिनेमाचं जग रोजच्यापेक्षा वेगळं असेल, तर त्याचे नियम असेच सुरुवातीला बसवून घ्या.

विनोद आणि हुलकावणी

विनोदी टायटल्सचं गणित सोपं वाटतं, पण तिथे ताल चुकला की सगळं फसतं. 'द पिंक पँथर' (१९६३) मध्ये हे नाव एका हिऱ्याचं आहे. गुलाबी पँथर फक्त टायटल्सपुरता काढला होता. हेन्री मॅन्सिनीच्या धूनवर तो चोरपावलांनी चालतो, नावांशी खोड्या करतो. लोकांना तो इतका आवडला की त्याचे स्वतंत्र कार्टूनपट निघाले आणि १९६४ च्या पहिल्याच कार्टूनपटाला ऑस्कर मिळालं. दूरदर्शनवरच्या 'मालगुडी डेज'मध्ये आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं आणि एल. वैद्यनाथन यांची धून मिळून हेच काम करत. मालिका खदखदून हसवणार नाही, गालातल्या गालात हसवेल, हे चित्रांतूनच कळायचं.

बाज सांगायचा म्हणजे दरवेळी सरळच सांगायचा, असं मात्र नाही. 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (१९६४) हा अणुयुद्धावरचा काळा विनोद. टायटल्समध्ये एक विमान दुसऱ्याला हवेतल्या हवेत इंधन भरतं, मागे प्रेमगीताची मवाळ धून आणि वर पाब्लो फेरोची हाताने काढलेली उंच, किडकिडीत अक्षरं. दृश्य लष्करी, सूर शृंगारिक. या विसंगतीतूनच उपहासाची चाहूल लागते. 'द शायनिंग' (१९८०) मध्ये डोंगर, तळं, निळं आकाश, घाटातून जाणारी छोटी पिवळी गाडी. पर्यटन खात्याची फिल्म शोभावी. पण सिंथेसायझरवर मृत्यूच्या प्रार्थनेची जुनी ख्रिस्ती धून वाजते आणि ते सौंदर्यच अंगावर येतं. दृश्य आणि आवाज यांत मतभेद असेल तेव्हा प्रेक्षक बहुधा आवाजावर विश्वास ठेवतो.

बघण्याचा सराव

एखादा सिनेमा घ्या आणि त्याची टायटल्स चार वेळा बघा.

१. पहिल्यांदा आवाज बंद करून. फक्त वेग आणि रंग यांवरून सिनेमा कुठल्या बाजाचा वाटतो ते लिहा.

२. दुसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त ऐकत. पुन्हा लिहा. दोन्ही उत्तरं जुळली का? नसतील तर ते मुद्दाम केलं आहे की गोंधळ आहे?

३. तिसऱ्यांदा सिनेमाचं नाव येतं तिथे थांबवून. अक्षर जाड की बारीक, हाताने लिहिलेलं की छापील, पडद्याच्या मधोमध की कोपऱ्यात? कधीकधी अक्षरच काळ सांगून जातं. 'स्ट्रेंजर थिंग्ज' (२०१६) चं नाव बघताच ऐंशीच्या दशकातल्या भयकादंबऱ्यांची मुखपृष्ठं आठवतात, ती त्या टाइपमुळे.

४. चौथ्यांदा दुसऱ्याच सिनेमाचं संगीत लावून. 'सायको'च्या पट्ट्यांवर 'पिंक पँथर'ची धून लावली की आवाजाचं वजन किती असतं ते पटतं.

फिल्म क्लबमध्ये हा खेळ छान रंगतो आणि त्याला खर्चही नाही.

आता तुमची टायटल्स

आधी एक वाक्य. प्रेक्षकाने कुठल्या मनःस्थितीत पहिला सीन बघायला हवा, ते एका वाक्यात लिहा. 'घरात काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाही' हे वाक्य चालेल. 'ही एका कुटुंबाची गोष्ट आहे' हे चालणार नाही, कारण त्यातून ना रंग सुचतो, ना वेग.

एकच कल्पना. जॉन कार्पेंटरने तुटपुंज्या पैशात 'हॅलोवीन' (१९७८) केला. त्याच्या टायटल्समध्ये काळ्या पडद्यावर एक कोरलेला भोपळा, आत लुकलुकणारा उजेड, हळूहळू जवळ जाणारा कॅमेरा आणि कार्पेंटरनेच रचलेली पियानोची अडखळती धून आहे. बस. ड्रोन शॉट, धूर, स्लो मोशन आणि ग्राफिक्स असं सगळं एकत्र घातलंत तर कुठलाच बाज उमटत नाही.

देवनागरीचा स्वभाव ओळखा. इंग्रजी टायटल्समध्ये अक्षरं लांब लांब ठेवून गांभीर्य आणतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. त्याऐवजी शिरोरेषेचाच उपयोग करा. 'एलियन' (१९७९) मध्ये नावाची अक्षरं एकेक काडी उमटत तयार होतात आणि बराच वेळ नाव कळतच नाही. देवनागरीत याहून जास्त वाव आहे. 'अंधार' हे नाव असेल तर काळ्या पडद्यावर आधी नुसता अनुस्वाराचा ठिपका येऊ द्या, मग शिरोरेषा सरकत जाऊ द्या, मग काने खाली उतरू द्या. विनोदी सिनेमात वेलांटी उशिरा धावत येऊन आपल्या जागी बसू शकते.

टाइप निवडताना घाई करू नका. मुंबईच्या 'एक टाइप'चे मोदक, बलू, मुक्ता हे टाइप मोफत मिळतात. मोदक गुबगुबीत आहे, हलक्याफुलक्या गोष्टीला शोभेल, खुनाच्या तपासाला नाही. बऱ्याच टाइपमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात, म्हणून मराठी वळण तपासून घ्या. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील किंवा ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी पडत असेल, तर सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडा. तरीही जमलं नाही तर नाव हाताने लिहून स्कॅन करा. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची नावं हातानेच घडवली आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नाव बघूनच नाटकाचा बाज कळायचा. हाताच्या अक्षराची ताकद मराठी माणसाला नवी नाही.

वेळ. प्रत्येक पाटी मनातल्या मनात शांतपणे दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवा. दहा मिनिटांच्या शॉर्टफिल्मला सुरुवातीची टायटल्स अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपलेली बरी. सिनेमाचं नाव आणि दोन-चार मुख्य नावं पुढे, बाकी सगळे शेवटी. 'स्टार वॉर्स' (१९७७) ने माणसांची नावं मागे नेली आणि सुरुवातीला जुन्या साहसमालिकांसारखा वर सरकत जाणारा मजकूर ठेवला. दुसऱ्या भागाच्या वेळी यावरून दिग्दर्शकांच्या संघटनेशी वाद झाला तेव्हा जॉर्ज ल्यूकसने दंड भरला, संघटना सोडली, पण सुरुवात बदलली नाही.

कोणाचं नाव लपवायचं? 'सेव्हन'मध्ये खुन्याची भूमिका करणाऱ्या केविन स्पेसीचं नाव सुरुवातीच्या टायटल्समध्ये नाही. ते दिसलं असतं तर प्रेक्षक सिनेमाभर त्याचीच वाट बघत बसला असता. रहस्य असेल तर आपल्या नावांच्या यादीकडे याही नजरेने बघा.

आवाज. इंटरनेटवरून उचललेली धून वापरू नका. महोत्सवात हक्कांचा प्रश्न येतोच, शिवाय ती धून आपल्यासोबत दुसऱ्याच सिनेमाची आठवण घेऊन येते. वादक मिळत नसेल तर जागेचा आवाज नोंदवा: पिठाची गिरणी, लोकल सुटतानाचा भोंगा, पाटा-वरवंटा, बंद घरातलं फ्रिजचं घुमणं. नीट निवडलेला एक खरा आवाज उसन्या वाद्यवृंदापेक्षा भारी पडतो.

आभार शेवटी. शूटिंगला घर देणाऱ्या काकांपासून डबा पुरवणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांचे आभार माना, पण सिनेमा संपल्यावर. फराह खानने 'मैं हूँ ना' आणि 'ओम शांती ओम'च्या शेवटी पडद्यामागच्या माणसांना प्रत्यक्ष पडद्यावर आणलं आणि लोक ते बघत थांबले.

शेवटची परीक्षा

टायटल्स तयार झाली की गोष्ट माहीत नसलेल्या पाच जणांना फक्त तेवढाच तुकडा दाखवा आणि विचारा, 'पुढे कसला सिनेमा असेल?' कथा ओळखायला सांगू नका, फक्त बाज विचारा. चार जण जवळपास सारखंच बोलले आणि ते तुमच्या सुरुवातीच्या वाक्याशी जुळलं, तर काम झालं. उत्तरं पाच दिशांना गेली तर एखादी गोष्ट काढून टाका आणि पुन्हा दाखवा. भर घालून क्वचितच सुधारतं, वगळून बहुधा सुधारतं.

आणि कितीही बदललं तरी टायटल्स जमतच नसतील, तर दोष बहुधा टायटल्सचा नसतो. सिनेमाचाच बाज अजून ठरलेला नसतो. तेव्हा अक्षरं, रंग आणि धून बाजूला ठेवा, एडिट पुन्हा उघडा आणि आपण नेमका कसला सिनेमा केलाय हे आधी स्वतः ठरवा.